सत्तर-तीसचं गणित: एकाच राज्यात डॉक्टर व्हायला तीन वेगवेगळ्या रांगा

ॲडमिशनमधल्या आरक्षणावर बोलणं निघालं की पहिल्या मिनिटाला सगळे जातीवर येतात. कुणाला किती टक्के, कुणाचा कटऑफ किती खाली, मेरिट मेलं, आमच्या पोरांनी काय करायचं वगैरे. पण महाराष्ट्रात एमबीबीएसच्या ॲडमिशनला तब्बल ३५ वर्षं अजून एक आरक्षण होतं ज्याच्यावर पुण्या-मुंबईत कुणी कधी भांडलंच नाही, कारण तिथं ते कुणाला टोचलंच नाही. ते होतं भागाचं आरक्षण. राज्याचे तीन तुकडे, मराठवाडा, विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्र, आणि प्रत्येक तुकड्यातल्या मेडिकल कॉलेजच्या राज्याच्या कोट्यातल्या ७०% सीट त्याच भागातल्या पोरांना, उरलेल्या ३०% वर बाहेरच्यांना संधी. मागास भागाला हात द्यायला म्हणून आणलेला नियम, आणि शेवटी त्याच मागास भागातली पोरं त्याच्या विरोधात उभी राहिली. हे कसं झालं ते नीट मांडायचंय, कारण आमच्या घरातलं एक पोर त्यात भाजलंय आणि मला हा विषय अजून सोडवत नाही.

मामाची वही

जुलै २०१९. लातूरला मामाच्या घरी आम्ही सगळे जमलो होतो, माझी धाकटी मावसबहीण (घरात तिला धाकटीच म्हणतात, इथंही तेच म्हणते) तिची नीट (मेडिकल प्रवेशाची देशभरची परीक्षा) झाली होती, पाचशेच्या वर मार्क होते आणि आता कॉलेजांचे पर्याय भरायचे होते. मावशी-काका गावाकडं शेतीवर, पोरगी अकरावीपासून मामाकडं राहिलेली, त्यामुळं सगळी जबाबदारी मामाने अंगावर घेतलेली. मामाने काय केलं, झेरॉक्सच्या दुकानातून मागच्या वर्षीच्या कटऑफच्या याद्या काढून आणल्या, दोनशे पानी वही घेतली आणि मधोमध पट्टीने रेघ मारली. डावीकडं लिहिलं 'आपलं', उजवीकडं लिहिलं 'भायेरचं'.

डावी बाजू पाच मिनिटांत संपली. सरकारी कॉलेजं म्हणजे औरंगाबाद, अंबाजोगाई, नांदेड, लातूर. बस. आठ जिल्ह्यांचा मराठवाडा आणि चार सरकारी कॉलेजं, जालना, परभणी, हिंगोली, उस्मानाबाद या चार जिल्ह्यांत एकही नाही. उजवी बाजू मात्र पानं उलटत गेली तरी चालूच. मुंबईतली लिहायला घेतली तर ग्रँट, केईएम, नायर, सायन, कूपर, म्हणजे एकट्या मुंबई शहरात सरकारी आणि महापालिकेची मिळून पाच, आख्ख्या मराठवाड्यापेक्षा एक जास्त. मग पुणे, मिरज, कोल्हापूर, सोलापूर, धुळे, जळगाव, मग विदर्भातलं नागपूरची दोन, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया. मामा प्रत्येक नावापुढं गेल्या वर्षीचा शेवटचा रँक लिहायचा आणि धाकटी कॅल्क्युलेटरवर ३०% किती होतात ते सांगायची.

त्याच महिन्यात पहिल्या फेरीची यादी लागली, त्या रात्री अकराच्या सुमारास तिच्या मैत्रिणीचा फोन आला. ही मैत्रीण उस्मानाबाद जिल्ह्यातली, पण बारावी केली बार्शीत. आता ज्यांना तो भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, बार्शी सोलापूर जिल्ह्यात, पण येडशी, उस्मानाबाद अगदी शेजारी, तोच माळ, तीच सोयाबीन, लग्नाची खरेदी करायला निम्मे लोक बार्शीलाच जातात. दोघींचं जातीचं सर्टिफिकेट एकाच प्रवर्गाचं, ओबीसी. मार्क धाकटीला नऊने जास्त. आणि यादीत मैत्रिणीला सरकारी सीट लागली, धाकटीला नाही लागली, पुढच्या फेऱ्यांतही नाहीच. कारण नियमात भाग कशावरून ठरायचा, तर बारावी कुठल्या भागातल्या कॉलेजातून पास झाली त्यावरून. बार्शी म्हणजे उर्वरित महाराष्ट्र. लातूर म्हणजे मराठवाडा.

धाकटी रडली वगैरे नाही. तिने फक्त विचारलं, "मामा, मग मी बारावी बार्शीत केली असती तर?" मामाने वही मिटली आणि लाईट बंद करून झोपायला गेला, उत्तर दिलं नाही.

जातीच्या आरक्षणावर जेव्हा कुणी म्हणतं की त्याच्यामुळे आमची सीट गेली, तेव्हा मला हा फोन आठवतो. इथं दोघी एकाच प्रवर्गाच्या होत्या, एकीने दुसरीचं काही घेतलं नव्हतं. ७०-३० प्रत्येक प्रवर्गाच्या आत चालायचं. म्हणजे मराठवाड्यातल्या एससी पोराला दुसऱ्या भागातल्या एससी पोरापेक्षा जास्त मार्क लागू शकायचे, ओपनवाल्याला दुसऱ्या भागातल्या ओपनवाल्यापेक्षा जास्त. भागाची भिंत सगळ्यांच्या मधून जात होती, पण टीव्हीवरच्या चर्चेत ती कधी दिसलीच नाही.

ही भिंत आली कुठून

इथं थोडं मागं जायला लागेल, कारण नियम आणणाऱ्यांची नियत वाईट नव्हती हे मला मनापासून वाटतं.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ ला सुरू झालं, मराठवाड्यातलं पहिलं मेडिकल कॉलेज औरंगाबादला १९५६ ला. १११ वर्षांचा फरक. म्हणजे मुंबईत आजोबा, बाप, नातू अशा चार-पाच पिढ्या डॉक्टर होऊन गेल्या तेव्हा कुठं आमच्याकडं पहिली बॅच बसली. मराठवाडा आणि विदर्भ महाराष्ट्रात यायचे होते तेव्हा १९५३ ला नागपूर करार झाला, त्यात सरकारी नोकऱ्या आणि तांत्रिक, व्यावसायिक शिक्षणातल्या प्रवेशांत प्रत्येक भागाला त्याच्या लोकसंख्येच्या मानाने वाटा मिळावा असं कबूल केलं होतं. पुढं घटनेच्या कलम ३७१(२) मध्येही या दोन्ही भागांसाठी तांत्रिक शिक्षणाच्या पुरेशा सोयींची गोष्ट आली. १९८३ मध्ये प्रा. वि. म. दांडेकरांची समिती नेमली, तिने भागाभागातला अनुशेष, म्हणजे विकासात राहून गेलेली तूट, मोजून दाखवला, आणि अनुशेष हा शब्द तेव्हापासून मराठवाड्यात आणि विदर्भात घराघरात गेला.

मग ॲडमिशनचा प्रश्न. त्या काळी मेडिकलला प्रवेश बारावीच्या पीसीबीच्या (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) मार्कांवर होता, आणि पुण्या-मुंबईच्या जुन्या कॉलेजांतली पोरं आणि आमच्याकडं कंदिलाखाली शिकलेली पोरं यांना एका रांगेत उभं केलं तर आमच्याकडच्या कॉलेजातसुद्धा बाहेरचीच पोरं भरली असती. म्हणून आपल्या भागातल्या कॉलेजात आपल्याच भागातली पोरं असा नियम होता. कोर्टात हे प्रकार बरेच वर्षं गाजत होते. १९६८ मध्ये सुप्रीम कोर्टाने मद्रासमधली जिल्हावार वाटणी रद्द केली, १९७१ मध्ये म्हैसूरमधली विद्यापीठवार वाटणी मान्य केली. १९८४ च्या प्रदीप जैन खटल्यात कोर्टाने म्हटलं की रहिवासावरून आरक्षण ठेवा पण ७०% च्या वर जाऊ नका. १९८६ मध्ये महाराष्ट्राचा नियमच कोर्टापुढं आला आणि तिथंही तेच, सगळ्याच्या सगळ्या सीट भागासाठी अडवून ठेवता येणार नाहीत, जास्तीत जास्त ७०%. राज्यात ७०-३० चा फॉर्म्युला १९८५ पासूनचा धरला जातो आणि पुढं तो असा रुजला की तो कधीतरी कुणीतरी ठरवलेला आकडा आहे हेच लोक विसरले.

आणि सुरुवातीला त्याचा फायदा झाला. अंबाजोगाईच्या कॉलेजातून शिकलेले डॉक्टर मी लहानपणापासून बघितलेत, औसा, निलंगा, किल्लारी, केज, धारूर, जिथं जाल तिथं दवाखान्याच्या पाटीवर अंबाजोगाई. १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आसपासच्या तालुक्यांत जे डॉक्टर होते त्यातले बरेच आपल्याच मातीतले होते असं आमच्या घरातली मोठी माणसं आजही सांगतात. त्या नियमाने आम्हाला काही दिलंच नाही असं मी कधीच म्हणणार नाही.

मग उलटं कसं झालं

दोन गोष्टी बदलल्या आणि नियम मात्र जागचा हलला नाही.

पहिली म्हणजे लातूर. नव्वदच्या दशकापासून शाहू, दयानंद या कॉलेजांनी जो धडाका लावला त्याला लोक लातूर पॅटर्न म्हणायला लागले, अभ्यासक्रम लवकर संपवायचा, मग नुसत्या टेस्ट, टेस्टवर टेस्ट, पेपर लगेच तपासून हातात, चुकलेलं परत. बघता बघता राज्यभरातली पोरं लातूरला यायला लागली. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून शहराला पाजलं तेव्हासुद्धा होस्टेलं रिकामी झाली नाहीत, पोरं बादलीभर पाण्यात अंघोळ करून क्लासला बसत होती, आमच्या मामाच्या माडीवर तेव्हा चार पोरं होती आणि एकही घरी परत गेलं नाही. मग नांदेडही तसंच वाढलं. आणि नियम काय, बारावी जिथून पास तो तुमचा भाग. म्हणजे बाहेरून येऊन लातुरात बारावी केलेलं पोरगंही मराठवाड्याच्याच रांगेत उभं. रांग वाढत गेली, खिडकी तेवढीच.

दुसरी गोष्ट नीट. पूर्वी प्रत्येक बोर्डाचे मार्क वेगळे, तपासणी वेगळी, तेव्हा भागाभागाची रांग वेगळी ठेवण्यात काहीतरी तर्क होता. २०१७ पासून महाराष्ट्रात सगळ्या सीट नीटवरच भरायला लागले, एकच पेपर, १८० प्रश्न, ७२० मार्क, बरोबरला चार आणि चुकीला एक वजा. देशभर एकच मोजपट्टी आणि राज्यात आल्यावर मात्र तीच पट्टी तीन तुकड्यांत मोडायची.

गणित अगदी साधंय, मामाच्या वहीतलंच सांगते. समजा एका भागात १०० सीट आहेत आणि दुसऱ्या भागात ६००. ७०% ने पहिल्या भागाच्या पोरांना घरच्या ७० सीट पक्क्या, दुसऱ्या भागाच्या पोरांना ४२०. आता दोन्ही भागांत सारख्याच ताकदीची पोरं समान संख्येने असली तरी पहिल्या भागात सत्तराव्या नंबरला दार बंद आणि दुसरीकडं चारशे विसाव्या नंबरपर्यंत उघडं. पहिल्या भागातल्या एकाहत्तराव्या पोराला मग दुसऱ्या भागातल्या ३०% मध्ये घुसायचं, जिथं त्याच्यासारखी सगळीच पोरं घुसायला बघतायत. ज्याच्याकडं सीट जास्त त्याला संरक्षण जास्त, हा या नियमाचा खरा अर्थ झाला होता. टक्के सगळ्यांना सारखे, ७०, पण ७०% कशाचे हे कुणी विचारलं नाही. मागास भागाला संरक्षण द्यायचं तर त्याच्याकडं संरक्षण करण्याइतक्या सीट तरी पाहिजेत ना! सरकारने कॉलेजं पुण्या-मुंबईच्या पट्ट्यात वाढू दिली, आमच्याकडं लातूरचं २००२ ला झालं त्यानंतर पुढची जवळजवळ वीस वर्षं मराठवाड्यात नवीन सरकारी मेडिकल कॉलेज आलं नाही, आणि वरून सांगितलं जायचं की तुमच्यासाठी ७०% राखून ठेवलंय.

सप्टेंबर २०२०, दोन दिवस

धाकटीने वर्ष ड्रॉप घेतला. मग करोना आला, परीक्षा मे वरून जुलैवर आणि जुलैवरून १३ सप्टेंबरवर गेली. पोरगी वर्षभर एका खोलीत. ८ सप्टेंबरला, म्हणजे परीक्षेच्या पाच दिवस आधी, मुंबईत दोन दिवसांचं अधिवेशन चालू होतं आणि वैद्यकीय शिक्षण मंत्री अमित देशमुख, जे लातूर शहराचेच आमदार, त्यांनी विधानसभेत जाहीर केलं की ७०-३० रद्द, आता राज्यात एकच मेरिट लिस्ट. मामाने मला पुण्याला फोन केला, आवाज फुटत नव्हता, नुसतं "झालं गं, झालं एकदाचं" एवढंच म्हणत होता.

मामाच्या माडीवर तेव्हा एक पोरगा भाड्याने राहत होता, मराठा कुटुंबातला, वडील कोरडवाहू शेती करणारे. ८ तारखेला त्याने पेढे आणले. ९ तारखेला सुप्रीम कोर्टाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली. मामी सांगते, तो दिवसभर खाली जेवायला आला नाही, संध्याकाळी मामी ताट घेऊन वर गेली तर तो पुस्तक उघडं ठेवून भिंतीकडं बघत बसला होता, परीक्षेला चार दिवस राहिलेले. एका दिवसात भिंत पडली, दुसऱ्या दिवशी दार लागलं. त्या दोन दिवसांत त्याच्या डोक्यात काय चाललं असेल याचा विचार मी बऱ्याचदा करते, कारण धोरणावर बोलताना आपण टक्क्यांत बोलतो आणि ते टक्के कुणाच्या तरी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात येऊन पडतात.

आता दुसरी बाजू, आणि ही मला टाळायची नाही. माझ्या ऑफिसात वणीचे एक सहकारी आहेत, यवतमाळ जिल्ह्यातले, त्यांची भाची त्याच वर्षी नीट देत होती. मी आनंदाने सांगायला गेले तर ते शांतपणे म्हणाले, "ताई, तुमच्याकडे लातूर आहे. आमच्या वणीत फिजिक्सचा मास्तर टिकत नाही. आजवर यवतमाळच्या कॉलेजात आमची पोरं तरी बसायची. आता तुमची येऊन बसतील, डॉक्टर होतील आणि निघून जातील." आणि पुढचं त्यांचं म्हणणं तर मला खोडताच आलं नाही: पोरांनी दोन वर्षांपूर्वी अकरावीला कुठं जायचं ते हा नियम बघून ठरवलं, काहींना नागपूर सोडायचं नव्हतं ते नियमामुळेच, आणि परीक्षेला पाच दिवस असताना तुम्ही नियम बदलता. खेळ सुरू झाल्यावर नियम बदलायचे नाहीत हे गल्लीतल्या क्रिकेटमध्येसुद्धा पाळतात. निर्णय बरोबर होता असं मी आजही म्हणते, पण तो पुढच्या वर्षापासून लावायला हवा होता, हेही म्हणते, आणि धाकटीला त्याच वर्षी फायदा झाला तरी म्हणते.

झाला फायदा. ऑक्टोबरमध्ये निकाल लागला, प्रवेश लांबत लांबत गेले आणि धाकटीला मिरजेला सीट लागली. मामाच्या वहीत 'भायेरचं' या बाजूला होतं ते कॉलेज.

माप चुकीचं होतं

या सगळ्यावर मी कितीतरी जणांशी वाद घातलाय आणि दरवेळी वाद दोनच टोकांवर जाऊन अडकतो. एक म्हणतो मेरिट म्हणजे मेरिट, एकच यादी, विषय संपला. दुसरा म्हणतो मागास भागाला संरक्षण काढून घेतलं, अन्याय झाला. माझं म्हणणं दोघांपेक्षा वेगळंय. मागासलेपणाला हात द्यायलाच पाहिजे, त्यात मला काडीची शंका नाही. पण 'भाग' हे माप चुकीचं होतं, कधीकाळी बरोबर असेल, पण नंतर चुकीचं झालं आणि आपण ते तपासलंच नाही.

मराठवाडा म्हणजे काय? लातूर शहरातल्या डॉक्टरचा मुलगा, ज्याच्या घरी एसी स्टडीरूम आहे आणि वर्षाची क्लासची फी एका चेकने भरली जाते, तोही मराठवाडा. आणि बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगाराची मुलगी, जी दिवाळीनंतर आईबापासोबत कारखान्यावर जाते आणि सहा-सहा महिने शाळा बुडवते, तीही मराठवाडा. विदर्भ म्हणजे नागपूरचं सुखवस्तू धरमपेठही आणि गडचिरोलीच्या जंगलातलं भामरागडही. ७०% च्या रांगेत हे दोघं एकत्र उभे, आणि पुढं कोण जाणार हे सांगायला ज्योतिषी नको. भागाच्या नावाने मिळालेली सवलत भागातले वरचे लोक घेऊन गेले, आणि ज्यांच्या नावाने ती मागितली होती ते मागंच. त्यात ती सवलत बारावीच्या कॉलेजच्या पत्त्याला चिकटलेली, म्हणजे ज्याच्याकडं पैसे आहेत तो पत्ता निवडू शकतो. माझ्या धाकटीलाही जुलैच्या त्या रात्री हाच प्रश्न पडला होता.

जातीच्या आरक्षणावर टीका करणाऱ्यांना मी इथंच थांबवते. जात पत्त्यासारखी बदलता येत नाही. बार्शीला खोली घेऊन कुणाची जात बदलत नाही, गावात ज्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं ती आठवण शहरात जाऊन पुसली जात नाही. म्हणून ७०-३० चुकलं म्हणजे सगळी आरक्षणं चुकली, असा जो सोपा उडी मारणारा निष्कर्ष त्या वेळी लोकांनी काढला, तो मला मान्य नाही. एकेक माप वेगळं तपासायला लागतं, ते काय मोजतंय आणि कुणापर्यंत पोचतंय.

दुसरं माप असू शकतं का? असू शकतं, आणि तेही त्याच वर्षी दुसऱ्या राज्याने करून दाखवलं. तमिळनाडूने २०२० च्या ऑक्टोबरमध्येच कायदा लागू केला, सरकारी शाळेत शिकलेल्या आणि नीट पास झालेल्या पोरांसाठी मेडिकलमध्ये ७.५% सीट, सगळ्या प्रवर्गांच्या आत. जिल्हा कुठला, भाग कुठला विचारलंच नाही, शाळा कुठली एवढंच विचारलं. एप्रिल २०२२ मध्ये मद्रास हायकोर्टाने तो कायदा मान्यही केला. पत्ता बदलणं सोपं, पण सहावीपासून बारावीपर्यंत सरकारी शाळेत बसणं ही श्रीमंताच्या पोराने सवलतीसाठी करायची गोष्ट नाही. असलं काहीतरी आपण ७०-३० काढताना त्या जागी ठेवायला हवं होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेलं पोर, आश्रमशाळेतून आलेलं पोर, ऊसतोडीवर जाणाऱ्या घरातलं पोर. आपण भिंत पाडली, आणि भिंतीच्या आडोशाला जे थोडेफार उभे होते त्यांना उन्हात सोडलं. वणीचे सहकारी जे म्हणत होते ते हेच होतं, फक्त ते त्याला विदर्भ म्हणत होते.

सीट वाढवणं हा दुसरा अर्धा भाग, आणि तो उशिरा का होईना होतोय. उस्मानाबादचं, म्हणजे आताच्या धाराशिवचं कॉलेज २०२२ ला सुरू झालं, परभणीचं २०२३ ला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये एकदम दहा नव्या कॉलेजांचं उद्घाटन झालं त्यात जालना आणि हिंगोली होतं, विदर्भातलं गडचिरोली, वाशिम, भंडारा, बुलढाणा, अमरावतीही होतं. मामाच्या वहीतली डावी बाजू चारवरून आठवर गेली. हे १९९० मध्ये झालं असतं तर ७०-३० वर भांडायची वेळच आली नसती असं मला ठामपणे वाटतं. नव्या कॉलेजांत शिकवायला प्राध्यापक पुरेसे पाहिजेत आणि शेजारी चालतं हॉस्पिटल पाहिजे, नाहीतर पोरं नुसती डिग्री घेऊन बाहेर पडतील, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

डॉक्टर आपल्या भागात थांबतील का, हा मुद्दा ७०-३० च्या बाजूने सगळ्यात जास्त ऐकला. थांबवायचं असेल तर त्याला ॲडमिशनच्या दारात अडवून उपयोग नाही. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष बंधपत्रित (बाँडची) सेवा आहेच. प्राथमिक आरोग्य केंद्रात राहायला धड क्वार्टर, औषधांचा साठा, रात्री दारू पिऊन मारायला येणाऱ्यांपासून संरक्षण, हे दिलं तर मिरजेत शिकलेली पोरगीही औशात थांबेल. धाकटीने तिच्या बंधपत्राच्या वर्षासाठी मराठवाडाच मागितला. तिला कुणी भागाच्या कोट्यातून पाठवलं नव्हतं.

एक शेवटचं सांगायचं राहिलंय. मामाच्या शेतावर जो सालगडी आहे त्याची मुलगी गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली, मग तालुक्याला बारावी केली, क्लास नाही, मोबाईलवर फुकटचे व्हिडिओ बघून नीट दिली. पात्र झाली, पण सीटच्या जवळपास नाही. २०१९ च्या नियमाने लागली नसती, २०२० च्या नियमाने लागली नाही. निकालाच्या दिवशी ती मामाकडं आली होती, मामाने तीच जुनी वही काढली, दोन्ही बाजू बोट ठेवून वाचल्या, मग म्हणाला, "बाई, तू नर्सिंगचा फॉर्म भर, मी फी बघतो." ती आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात तिची पहिली नाईट ड्युटी होती, बाळंतिणींच्या वॉर्डात, सकाळी तिने मामाला फोन करून सांगितलं की रात्री तीन बाळंतपणं झाली आणि एका बाळाला तिने पहिल्यांदा पुसलं.